पीसीओएस, मूल आणि चालायला जागा

(महिला कार्यकर्त्यांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



समोर बसलेल्या सगळ्या आपा, खाला, भाभी, आणि मागच्या दोन रांगांत दाराजवळ बसलेले भाईजान. तुम्ही आलात याचा मला जास्त आनंद आहे. आजचा विषय 'बायकांचा आजार' म्हणून कळवला गेला होता. तो निम्माच बायकांचा आहे, हे पुढे बोलण्याच्या ओघात येईलच.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कुठली गोळी किती घ्यायची हे मी सांगणार नाही आणि मला विचारूही नका. मला बोलायला उभं केलं कारण मला स्वतःला पीसीओएस आहे आणि गेलं दीड वर्ष आपल्या भागातल्या मुलींबरोबर मी सकाळी चालते. शिवाय कामामुळे आकडे वाचायची सवय आहे. 'अमक्या काढ्याने अमकीला दिवस गेले' असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, तोच काढा घेऊन किती जणींना गेले नाहीत?

आधी नावाचा घोळ मिटवू. पॉलिसिस्टिक म्हणजे 'पुष्कळ गाठी असलेलं'. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या नोंदी छापल्या. पाळी अनियमित, मूल नाही, आणि अंडाशय मोठे, बारीक बारीक पिशव्यांनी भरलेले. तिथून हे नाव रुजलं आणि आपल्याकडे सोनोग्राफीच्या कागदावर 'सिस्ट' वाचून घरात रडारड होते. या गाठी नाहीत. दर महिन्याला एक बीज पिकायला हवं, त्या बीजाची ती पिशवी असते. पीसीओएसमध्ये अशा बऱ्याच पिशव्या वाढायला लागतात आणि अर्ध्यावर अडतात. पिकून बाहेर कोणीच पडत नाही. बीज बाहेर पडलं नाही की पाळी लांबते आणि गर्भ राहायची संधीच येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या ६ ते १३ स्त्रियांना हा त्रास असतो, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना तो आहे हे माहीतच नसतं. आज या हॉलमध्ये त्या वयाच्या साठेक जणी असतील. हिशेब तुम्हीच करा. चार ते आठ.

निदानाला तीन गोष्टी बघतात आणि त्यातल्या दोन असाव्या लागतात. पाळी अनियमित, म्हणजे ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या. पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण, म्हणजे हनुवटीवर राठ केस, न जाणारे मुरूम किंवा रक्ततपासणीत तसं दिसणं. आणि सोनोग्राफीत तसे अंडाशय. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून ते कारण नाही याची खात्री करायची असते. फक्त सोनोग्राफी बघून कुणी शिक्का मारला तर 'बाकीचं काय?' असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता बीज का अडतं? इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण हे एकदा समजलं की व्यायाम आणि खाणं उपचारात का येतं हे पाठ करावं लागत नाही.

आपण जेवतो, रक्तात साखर येते. ती पेशीत शिरावी म्हणून शरीर इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन म्हणजे दारावरची टकटक समजा. बऱ्याच पीसीओएसवाल्या बायकांच्या पेशी या टकटकीला बहिऱ्या झालेल्या असतात. मग शरीर जोरात ठोठावतं, म्हणजे जास्त इन्सुलिन सोडतं. साखरेचा रिपोर्ट बरीच वर्षं चांगला येतो, पण तो या जास्तीच्या इन्सुलिनच्या जिवावर. अंडाशय मात्र बहिरं नसतं. जास्तीचं इन्सुलिन ते नीट ऐकतं आणि पुरुषी हार्मोन जास्त बनवू लागतं. तिकडे यकृत एक प्रथिन बनवतं, जे या हार्मोनला बांधून ठेवतं. इन्सुलिन वाढलं की ते प्रथिन कमी बनतं. म्हणजे हार्मोन जास्त आणि मोकळाही जास्त. पिशव्या अडतात. पोटावर चरबी साठते, त्या चरबीने पेशी आणखी बहिऱ्या होतात, इन्सुलिन आणखी वाढतं. आमच्या धंद्यात याला फीडबॅक लूप म्हणतात. अशा चक्राचा एक फायदा असतो. कुठल्याही एका ठिकाणी हात घातला तर सगळं चक्र मंदावतं.

याची एक खूण तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. मुलीच्या मानेवर मागे काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा. आया बेसन-हळद लावून, दगडाने घासून मान लाल करतात आणि वर 'नीट आंघोळ करत नाहीस' म्हणून बोलतात. तो मळ नाही. बहुतेक वेळा ती इन्सुलिन वाढल्याची खूण असते. घासायचं थांबवा आणि मुलीची साखर तपासा, उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी.

'पण माझी मुलगी तर बारीक आहे' असं एक खाला आत्ता बोलल्या. बरोबर प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखे, आतून वेगळे. दोघंही पुरुष होते, पण आपल्या भागातल्या लोकांची ठेवणच अशी आहे. दंडावर काही नाही, सगळं पोटावर. म्हणून आपल्याकडे २३ बीएमआयपासूनच जास्त वजन धरतात, आणि काट्याइतकीच कंबर महत्त्वाची, बाईची ८० सेंटिमीटरच्या आत. बारीक मुलीलाही पीसीओएस असतो आणि तिलाही व्यायामाचा उपयोग होतो.

कारण स्नायू. इन्सुलिनच्या टकटकीला न उठणारा स्नायू काम करताना मात्र स्वतःहून दार उघडतो. चालताना, जिना चढताना तो रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता आत घेतो, आणि नंतरही काही तास त्याचं कान उघडं राहतं. म्हणून वजनाचा काटा हलला नाही तरी व्यायाम वाया जात नाही. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा म्हणते, कारण महिनाभर चालून अर्धा किलोही कमी झालं नाही म्हणून सोडून देणाऱ्या पाच-सहा जणी मी पाहिल्या. काटा हलला नाही तरी व्यायाम वाया जात नाही. आणि वजन खरंच जास्त असेल तर फार कमी करावं लागत नाही. ५ ते १० टक्के पुरतं. ७० किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो. तेवढ्याने अनेकींची पाळी जवळ येते, बीज सुटायला लागतं.

किती व्यायाम? २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या पुढाकाराने पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं नव्याने आली. त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय आठवड्यातून दोन दिवस, लागोपाठ नसलेले, स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम लागणं. ताकदीच्या व्यायामाला जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, तेलाचा पाच लिटरचा डबा उचलणं. जेवणानंतर दहा मिनिटं घरातल्या घरात चाललात तरी त्या जेवणाची साखर कमी चढते.

'दिवसभर राबतोच की, तोच व्यायाम' हे मी रोज ऐकते. थकवा येणं वेगळं आणि दम लागणं वेगळं. ओट्यापाशी चार तास उभं राहून पाय दुखतात, पण छाती धडधडत नाही. आणि नमाज हीच कसरत आहे असं सांगणाऱ्यांना मी हात जोडते. नमाज नमाजच राहू द्या.

आता ताट. याच मार्गदर्शक तत्त्वांत तज्ज्ञांनी निरनिराळे आहार तपासले आणि कुठलाही एक दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून कीटो, उपास-तापास, परदेशी बिया, हजार रुपयांची पावडर, यातलं काही विकत घेऊ नका. आपल्या घरात जे शिजतं त्याच्यातच तीन बदल पुष्कळ आहेत.

पहिला बदल चहात. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, गेला की चहा. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅमच्या वर साखर, आणि सोबत खारी किंवा बिस्किटं. यात कुणी डोळा मारायची गरज नाही, सगळ्यांच्या घरात हेच आहे. दोन कपांवर या, साखर अर्धा चमचा. पंधरा दिवसांत जीभ ऐकते.

दुसरा बदल वाढण्याच्या क्रमात, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण मांसाहारी म्हणून आपल्या बायकांना प्रथिनं भरपूर मिळतात असा समज आहे. प्रत्यक्षात बोटी जाते पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात. सगळ्यांचं झाल्यावर बाई बसते तेव्हा तिच्या वाट्याला रस्सा, बटाटा आणि भाताचा डोंगर. तिला दिवसाला किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिन हवं, म्हणजे ६० किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. तेव्हा तिच्या ताटात सकाळी दोन अंडी, दुपारी घट्ट डाळ किंवा भिजवलेले चणे, रात्री मासळी किंवा चिकनचे तुकडे, रस्सा नाही, तुकडे. कोकणातल्या घरी बांगडा असतोच, तो तळण्याऐवजी तव्यावर भाजा. भात अर्धा करा, त्या जागी भाजी किंवा काकडी-कांदा. आधी भाजी आणि बोटी खायची, भात शेवटी. दालचा, खीमा-मटार, हलीम हे सगळं चालतं. बिर्याणी महिन्यातून दोनदा खा आणि खाताना तोंड पाडून बसू नका.

तिसरा बदल फक्त रमजानचा. रोजामुळे पीसीओएस बिघडतो असं नाही, बिघडवते रात्र. इफ्तारला भजी, समोसे, लाल सरबत, नंतर जेवण, नंतर शीरखुर्म्याची वाटी, मग सहेरीला पाव आणि चहा. आणि हे सगळं तळायला तीच बाई असरपासून गॅससमोर. खजूर एक-दोन, पाणी, मग हलीम किंवा अंडी, आणि तळण आठवड्यातून एकदा. सहेरीला भाकरी आणि अंडं घेतलं तर दुपारी कमी गळून जाल. मेटफॉर्मिन चालू असेल तर गोळीची वेळ रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, स्वतः बंद करू नका.

हे झालं करायचं काय. आता याला मर्यादा किती, तेही सांगितलं पाहिजे, कारण मी आकड्यांचं नाव घेऊन उभी आहे.

नेदरलँड्समध्ये ५७७ लठ्ठ आणि मूल न होणाऱ्या स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला, २०१६ साली छापून आला. सगळ्या पीसीओएसच्या नव्हत्या, काही होत्या. निम्म्या जणींना आधी सहा महिने व्यायाम आणि आहार, मग उपचार. बाकीच्यांना लगेच उपचार. दोन वर्षांत नैसर्गिक प्रसूतीने, पूर्ण दिवसांचं, एकच आणि निरोगी बाळ किती जणींना झालं? व्यायामवाल्या गटात २७.१ टक्के, लगेच उपचारवाल्या गटात ३५.२ टक्के. म्हणजे थांबवून ठेवल्याने फायदा झाला नाही. पण त्याच प्रयोगात औषधाशिवाय, आपोआप दिवस गेले ते व्यायामवाल्या गटात २६.१ टक्के आणि दुसऱ्या गटात १६.२ टक्के.

मी याचा अर्थ असा घेते. व्यायामाने बीज सुटायला मदत होते हे खरं. पण 'आधी वजन उतरवा, मग या' असं सांगून बाईला वर्ष-दीड वर्ष दाराबाहेर ठेवणं चूक आहे. वय ३५ च्या पुढे असेल तर मुळीच नाही. दोन्ही एकदम सुरू करता येतं. बीज सुटण्यासाठी आज पहिली पसंती लेट्रोझोल या गोळीला आहे. अमेरिकेत पीसीओएसच्या ७५० स्त्रियांवर तुलना झाली, २०१४ साली. लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के. हे आकडे नीट बघा. चांगल्या गोळीनेसुद्धा, पाच पाळ्यांपर्यंत देऊन, शंभरात सत्तरच्या वर बायकांना त्या वेळी मूल झालं नाही. एक महिना गोळी घेऊन काही झालं नाही म्हणून सुनेला 'हिच्यात दोष आहे' म्हणणाऱ्या घरांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

माझं विचाराल तर माझी पाळी सत्तर-ऐंशी दिवसांवरून आठ महिन्यांत चाळिसावर आली, चालून आणि ताट बदलून. पुढे गोळीही लागली. मूल झालं का, हे मी सभेत सांगत नाही. झालं म्हटलं तर तुम्ही 'चाला, मूल होतं' असं ऐकाल आणि नाही म्हटलं तर 'चालून काही होत नाही'. एका बाईवरून दोन्ही सिद्ध होत नाही.

आता मागच्या रांगा. भाईजान, एक वर्ष प्रयत्न करून मूल झालं नाही, बायको ३५ च्या वर असेल तर सहा महिने, की दोघांनी जायचं असतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. वीर्याची तपासणी काहीशे रुपयांत होते. सुई नाही, भूल नाही, अर्धा तास. तरी आपल्याकडे बाईच्या तीन सोनोग्राफी, दर्ग्याच्या दोन खेपा, एक तावीज आणि गावच्या आजीबाईचा काढा एवढं झाल्यावर पुरुषाचा नंबर लागतो. काही घरांत तेव्हाही लागत नाही, थेट दुसऱ्या निकाहाची बोलणी सुरू होतात. कायदा अजून त्याला परवानगी देतो, आणि ती काढून घ्यावी ही आपली मागणी जुनी आहे. पण कायदा बदलेपर्यंत निदान एवढं करा, तपासणी न केलेल्या पुरुषाच्या दुसऱ्या निकाहाला कुणी साक्षीदार म्हणून बसू नका. दोष त्याच्यात निघाला तर दोन बायकांचं आयुष्य त्या बोलण्यांत गेलेलं असतं.

आणि मूल नाहीच झालं तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शबनम हाश्मी यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. मुस्लिम जोडप्यालाही. हा विषय स्वतंत्र बैठकीचा आहे, पण हे माहीत असू द्या.

आता मूळ अडचण. मी १५० मिनिटं म्हणाले तेव्हा तिसऱ्या रांगेतली एक मुलगी हसली. तिचं बरोबर आहे. चालायचं कुठे? गल्लीत दुचाकी लावलेल्या, बागेतल्या बाकांवर सकाळी पुरुष, मैदानावर क्रिकेट. तरुण सून एकटी सकाळी बाहेर पडली की दुसऱ्या दिवशी तीन घरांतून विचारणा होते, 'कुठे जाते?' मुलीला डॉक्टर 'चाला' म्हणून चिठ्ठी देतात आणि मोहल्ला चालू देत नाही. मग घरच्यांना वाटतं ही आळशी आहे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका मुंबईत मोर्चा घेऊन रस्त्यावर चालल्या होत्या, तलाकच्या प्रश्नावर. साठ वर्षं होत आली आणि आपण मैदानाला चार फेऱ्या मारायची परवानगी मागतोय. मला याचं हसूही येतं आणि रागही.

म्हणून आम्ही शाळेच्या मैदानासाठी अर्ज केला. तीनदा गहाळ झाला. चौथ्यांदा चाळीस सह्या आणि पोचपावती घेऊन गेलो, तेव्हा मिळालं. घरच्यांचा विरोध कमी झाला तो भाषणांनी नाही. दोन सासवा स्वतः यायला लागल्या, त्यांच्या गुडघ्यांसाठी. सासू सोबत असली की सुनेला कुणी विचारत नाही. बुरख्यात चालणाऱ्या आहेत, पंजाबी ड्रेसवर बूट घालणाऱ्या आहेत. कपड्यांवर आमच्या गटात बोलायचं नाही एवढा एकच नियम आहे.

शेवटी काही कामाच्या गोष्टी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवसाला गोल करा, दर महिन्याला. वजनापेक्षा हे गोल जास्त सांगतात, आणि डॉक्टरांना दाखवायला तेच लागतात. तीन महिने पाळीच आली नाही तर 'येईल' म्हणून बसू नका, दाखवायला जा, मूल हवं असो वा नसो. अस्तर साठत राहणं चांगलं नसतं.

मैदान मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी साडेसहा ते साडेसात आपल्याकडे आहे. मागच्या फाटकाने या, पुढचं बंद असतं. पाण्याची बाटली आणा, तिथला नळ चालत नाही. ज्यांना लहान मुलं आहेत त्यांनी ती सोबत आणली तरी चालेल, आळीपाळीने एक जण त्यांच्याकडे बघते. आणि भाईजान, त्या एका तासात घरचा चहा आणि मुलांचे डबे तुमच्याकडे.

आता प्रश्न घेऊ. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर कागद फिरतोय, त्यावर लिहून द्या. नाव लिहू नका.